मोसिनवर पैसे घालायचे का? आधी हे करून बघा

अमेरिकेत आपली दोन-तीन माणसं रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) भेटली की हा विषय निघतोच, जुनी रशियन लष्करी रायफल मोसिन-नागान 91/30 घेतली, आता स्कोप लावू, ट्रिगर बदलू, मग बघा कसा नेम लागतो. ही रायफल शंभर डॉलरच्या आसपास मिळायची तेव्हा मी पण हेच केलं, शंभराच्या बंदुकीवर चारशे घातले आणि ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांच्या भोकांचा घोळका, होता तेवढाच राहिला, कारण भानगड नळीच्या तोंडाशी होती आणि मी ते बघितलंच नव्हतं. (एच-वन-बी वाल्यांनी त्याच्याही आधी वकिलाला विचारा, त्या व्हिसावर साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद आहेत.)

तर पहिलं काम, कोणाकडून तरी हेडस्पेस गेजने (काडतूस आत नीट घट्ट बसतं का ते बघायचं माप) तपासून घ्या, हे नेमासाठी नाही तर डोळे शाबूत राहावेत म्हणून. मग नळीचं तोंड बघा. सैनिक लोखंडी गज तोंडाकडून घालून साफ करायचे, त्याने तिथले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, घासून जातात. डमी राउंडची (दारू नसलेल्या काडतुसाची) गोळी नळीच्या तोंडात घाला, पार केसपर्यंत, म्हणजे पितळी नळकांड्यापर्यंत, आत गेली तर नळी झिजलीय. पण काही रायफलींना रशियन कारखान्यातच पुढचा झिजलेला भाग आतून मोठा केलेला असतो, तिथे आटे थोडे आत सुरू होतात, त्यांना ही टेस्ट लावू नका. तोंडाची कड खराब असेल तर गनस्मिथ (बंदूक दुरुस्त करणारा) थोडक्यात नीट करून देतो, आणि माझ्या मते पैसे घालायचेच तर इथेच घाला.

दुसरं, गोळ्या. नाव 7.62 असलं तरी या नळीला साधारण .311 इंचाची गोळी लागते, .308 ची घातली तर सैल बसते. स्वस्त सरप्लस राउंड (लष्कराची उरलेली जुनी काडतुसं) सोडून एकदा चांगला बॉक्स आणा आणि बाकावर टेकून पाच-पाचचे तीन ग्रुप मारा. ग्रुप लहान पण एका बाजूला पडत असेल तर बंदूक बरोबर आहे हो! सोव्हिएत लोक संगीन लावून झीरो करायचे, म्हणजे साइट नेमाला जुळवायचे, आपण ती काढून मारतो म्हणून सरकतं, पुढची साइट थोडी सरकवली की झालं. आणि अपेक्षा पण नीट ठेवा, 100 मीटरवर चार गोळ्या 15 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या की सोव्हिएत लष्कराच्या हिशोबात रायफल पास.

लाकूड फुगून नळीला कुठे दाबतंय का ते पण बघा, स्क्रू नीट आवळा, कॉर्कची पट्टी लावून बघा, दहा डॉलरच्या आत काम होतं.

आता स्कोप. बोल्टचा (काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या भागाचा) दांडा सरळ असतो, वर उचलला की स्कोपला आपटतो, म्हणजे वाकडा दांडा पाहिजे, मग माउंट, मग भोकं पाडा, आणि एकदा भोक पाडलं की जुनी वस्तू म्हणून असलेली किंमत गेली. टिमनी कंपनीचा ट्रिगर मात्र चांगला आहे, मूळ ट्रिगर खरंच वाईट, पण ट्रिगरने फक्त तुमचा हात सुधारतो, नळी नाही. हे सगळं जोडलं तर त्या पैशात सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकनसारखी नवी शिकारी रायफल येते जी पहिल्या दिवसापासून जास्त नेमकी मारते, त्यामुळे नेमच पाहिजे असेल तर ती घ्या. फिनिश (फिनलंडच्या लष्कराच्या) शिक्क्याची मोसिन मिळाली असेल तर कृपा करून करवत दूर ठेवा, त्यांनी स्वतःच बऱ्याच रायफलींच्या नळ्या बदलून त्या सुधारल्यात.

एक राहिलं, सरप्लस राउंडच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी) मीठ उरतं आणि नळी गंजते, तेल लावून ते जात नाही, त्याच दिवशी कढत पाणी ओता, मग कोरडी करून तेल. मित्राच्या ली-एन्फिल्डसाठी (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) .303 चा जुना डबा फोडला तर काडतुसांच्या बुडावर केएफ, म्हणजे आपली खडकी! पुण्याचा म्हणून त्या राउंडलाही सूट नाही, ली-एन्फिल्डच्या नळीत पण किटलीभर पाणी ओतलंच.