सत्ता, युद्ध, शांतता: उत्तर लिहिताना या चुका टाळा

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं: 'ज्याचं सैन्य मोठं त्याची सत्ता मोठी.' खाली रणगाडे, विमानं, अण्वस्त्रं यांची यादी. यादी बरोबर असते, उत्तर चुकतं. ते झालं सामर्थ्य. समोरच्याने एरवी केलं नसतं ते त्याच्याकडून करवून घेता आलं, तर ती सत्ता. त्यामुळे 'किती?' एवढंच विचारून भागत नाही. कोणावर आणि कशासाठी, हेही सांगावं लागतं. १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे पाच लाखांहून अधिक सैनिक होते. १९७३ मध्ये ही फौज माघारी गेली आणि १९७५ मध्ये अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. शस्त्रांची कमतरता कधीच नव्हती, पण हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचं सरकार, काही नमलं नाही. असं फसलेलं एखादं उदाहरण यादीशेजारी लिहा, उत्तर लगेच उभं राहतं.

सॉफ्ट पॉवरचंही, म्हणजे आकर्षणाने समोरच्याला वळवण्याच्या ताकदीचंही, असंच. बंदूक नाही म्हणजे सॉफ्ट, असं समजून आर्थिक निर्बंध त्यात घालतात. ही संज्ञा मांडणारे अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांच्या मांडणीत निर्बंध हार्ड पॉवरमध्ये मोडतात, कारण तिथे आकर्षण नसून जबरदस्ती असते.

सत्ता समतोल (कोणी एक वरचढ होऊ नये अशी ताकदीची बरोबरी) म्हणजे शांततेची हमी, हेही लिहू नका. १९१४ मध्ये युरोपात दोन तुल्यबळ गट होतेच की, तरी पहिलं महायुद्ध पेटलं!

युद्धाबाबतची चूक जास्त मजेशीर आहे. 'घोषणा झाली नाही, म्हणून ते युद्ध नव्हे.' अमेरिकी काँग्रेसने युद्धाची शेवटची औपचारिक घोषणा १९४२ मध्ये केली. कोरिया, व्हिएतनाम, इराक हे सगळं त्यानंतरचं. शब्दांचा हा खेळ जुनाच. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारात देशांनी युद्धाचा त्याग केला. जपाननेही सही केली. १९३१ मध्ये त्याच्या फौजा चीनच्या मांचुरियात घुसल्या, तेव्हा त्याला नाव दिलं 'मांचुरियाची घटना'. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) म्हणूनच नीट वाचा. तिथे मनाई आहे ती बळाच्या वापराला आणि तशा धमकीलाही. 'युद्ध' हा शब्द त्यात नाहीच. उत्तरात 'सनदेने युद्धावर बंदी घातली' एवढंच लिहिलंत, तर मुद्द्याची धार गेली.

सामूहिक सुरक्षा आणि सामूहिक संरक्षण यांची गल्लत होत असेल, तर एक प्रश्न विचारा: हल्लेखोर बाहेरचा की आपल्यातलाच? नेटो या लष्करी आघाडीच्या करारातलं कलम ५ (एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा) हे सामूहिक संरक्षण; त्याच्या नजरेसमोर बाहेरचा हल्लेखोर आहे. सामूहिक सुरक्षेत मात्र सदस्यानेच आक्रमण केलं, तरी बाकीच्यांनी त्याच्याविरुद्ध उभं राहायचं असतं.

राहिली शांतता. युद्धविराम (लढाई तात्पुरती थांबवणं), शस्त्रसंधी (लढाई थांबवण्याचा औपचारिक करार) आणि शांतता करार (युद्धच संपवणारा करार) हे शब्द एकाऐवजी दुसरा असे वापरू नका. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम इथे शस्त्रसंधी झाली. दक्षिण कोरियाने तिच्यावर सही केली नाही, आणि शांतता करार त्यानंतरही झालेला नाही. दोन्ही कोरियांच्या मधे सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. नाव 'निर्लष्करी', पण दोन्ही कडांना सैन्य खडं. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी केवळ हिंसेच्या अभावाला 'नकारात्मक शांतता' म्हटलं आणि अन्यायाची मुळं उपटणाऱ्या शांततेला 'सकारात्मक'. या पट्ट्याला पहिली संज्ञा लावतानाही माझं पेन जरा अडखळतं.