कॅम्पमध्ये ऑक्सिमीटर भलतंच दाखवत होता, त्यावर हे केलं

उंचावरच्या गावात मेडिकल कॅम्प असला की सकाळच्या थंडीत ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन) नुसता घोळ घालतो, धडधाकट माणसाचं रीडिंग 78 टक्के येतं आणि घरचे घाबरतात. मशीन बिघडलेलं नसतं, बोटं गारठलेली असतात, रक्तच नीट पोचत नाही तिथे. आता आम्ही प्रत्येकाला आधी आत उबेत बसवतो, हात चोळायला लावतो, नेलपॉलिश असेल तर पुसतो आणि स्क्रीनवरचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळले तरच आकडा लिहितो. उंचीवर ऑक्सिजन तसाही कमीच दाखवतो, म्हणून तिथल्याच ठणठणीत चारपाच जणांचं रीडिंग आधी घेऊन ठेवा, तुलनेला फार उपयोगी पडतं. पण बसल्याजागी धाप लागतेय, ओठ निळे पडलेत, अशा माणसाला आकड्याची वाट न बघता लगेच ऑक्सिजन लावा आणि खाली, कमी उंचीवर न्यायची तयारी करा.