स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब मंद पेटत राहतो, शेवटी सापडलं कारण

बेडरूमचा बल्ब बंद केल्यावरही रात्री अंधुक उजेड देत राहायचा, मधेच लुकलुकायचा. बल्ब दोनदा बदलला, होल्डर बदलला, नवा ६ अँपिअरचा आयएसआय स्विचही बसवला, काही फरक नाही. दोन महिने डोकं पिकलं.

मग स्विच बंद ठेवून होल्डरच्या पिनांना टेस्टर लावला तर तो पेटला, म्हणजे फेज (करंट आणणारी वायर) थेट बल्बला आणि स्विच न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर), त्यामुळे स्विच बंद केला तरी फेज बल्बपर्यंत येतच होता! हे नुसतं उजेडाचं नाही, असं असेल तर स्विच बंद करून बल्ब बदलतानाही शॉक बसू शकतो.

आधी मेन बंद केला, घरात सगळ्यांना सांगितलं, आणि इन्व्हर्टरही बंद केला, हे विसरू नका, मेन पाडला तरी त्याची लाइन चालूच असते. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घेतलेला, मग बोर्ड उघडून प्रत्येक वायरला लावून बघितला, फोटो काढला. होल्डरच्या दोन वायरी बोर्डात येतात, त्यातली एक फेजच्या जोडात होती ती काढून न्यूट्रलच्या जोडात घेतली. स्विचवर आलेली न्यूट्रलची लूप (जोडवायर) काढून तिथे फेजची लूप दिली. दुसरी होल्डरची वायर स्विचवर होती तशीच ठेवली. स्क्रू घट्ट, प्रत्येक वायर हलकी ओढून बघितली, उघडं तांबं कुठेच बाहेर नाही. बोर्ड बंद करून मगच मेन चालू.

आता बंद म्हणजे बंद, होल्डरवर टेस्टर पेटत नाही. वायरींचे रंग मात्र धरून चालू नका, आमच्याकडे काळ्या वायरीत फेज निघाला. बोर्डात फेज-न्यूट्रल नीट ओळखता येत नसतील तर वायरमनलाच बोलवा.