वॉरंटीतला पार्ट गेलाय? दुकानात द्यायच्या आधी हे करा

पीसीचा एखादा पार्ट वॉरंटीत असताना गेला की बरेच जण तो काढतात, पिशवीत टाकतात आणि थेट पुण्याच्या टिळक रोडवरची कॉम्प्युटरची दुकानं गाठतात. असं करू नका, कारण पार्ट एकदा हातातून गेला की तो कोणत्या अवस्थेत दिला हे सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही, आणि वॉरंटीची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आधी नक्की काय गेलंय ते घरीच बघा. सर्व्हिस सेंटरवाले पार्ट त्यांच्या मशीनला लावून बघतात, तिथे चालला की 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणून परत देतात. रॅमचा संशय असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, बंद करा, एकच स्टिक ठेवा आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावा, रात्रभर चालू राहिलं तरी हरकत नाही. एरर आल्या तर स्क्रीनचा फोटो काढा, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून परत चालवा. तिथेही एरर म्हणजे रॅम गेली, आणि तिथे नीट चालली तर मग मदरबोर्डच्या स्लॉटकडे बघायला हवं. दोन स्टिकचं किट घेतलं असेल तर एकच खराब असली तरी बऱ्याच कंपन्या दोन्ही मागतात, तेवढे दिवस पीसी बंद राहणार हे धरून चाला. हार्डडिस्क किंवा एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट घ्या आणि चालतेय तोवर बॅकअप काढा, बदलून मिळाली तर जुन्या डिस्कमधला डेटा परत येत नाही.

मदरबोर्ड देताना सगळ्यात जास्त जपा. इंटेलच्या बोर्डात आणि एएमडीच्या एएम५ प्रकारच्या बोर्डात पिना सॉकेटमध्येच (प्रोसेसर बसतो त्या जागेत) असतात, केसासारख्या बारीक, बोट लागलं तरी वाकतात, आणि वाकलेली पिन दिसली की क्लेम तिथेच संपला. त्यामुळे मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेटचा जवळून फोटो काढा, सीरियल नंबरच्या स्टिकरचाही काढा आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं कव्हर लावूनच बोर्ड द्या. (प्रोसेसर बसवताना ते कव्हर निघतं आणि लोक फेकून देतात, कृपया जपून ठेवा.) पावसाळ्यात गाडीच्या डिकीतून नेताना अँटीस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणाऱ्या) पिशवीवर आणखी एक प्लास्टिकची पिशवी घाला, पाणी गेल्याची खूण दिसली तर वॉरंटी विसरा.

बिल पक्कं हवं, जीएसटीचं, आणि त्यावर सीरियल नंबर असेल तर फारच उत्तम. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं म्हणून घेतल्या घेतल्या फोटो काढा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बऱ्याचदा कळतं. बाहेरून मागवलेल्या स्वस्त मालाला भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही, हे घेतानाच विचारा.

आता मुख्य गोष्ट, जॉबशीट, म्हणजे पार्ट जमा केल्याची (इनवर्डची) पावती. दुकानदार कितीही ओळखीचा असला, "अहो ठेवा इथे, मी बघतो" म्हणाला तरी सरळ सांगा, "दादा, तेवढी इनवर्डची पावती द्या." त्यावर सीरियल नंबर, तक्रार काय ते आणि 'फिजिकल डॅमेज नाही' एवढं लिहून घ्या आणि काउंटरवरच नंबर पार्टशी ताडून बघा. यात कोणाचा अपमान होत नाही.

बदलून आलेला पार्ट पुष्कळदा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त केलेला, असतो आणि वॉरंटी साधारण जुन्याचीच उरलेली मिळते. नवा सीरियल नंबर कागदावर लिहून घ्या, कारण तुमच्या बिलावर जुनाच आहे. घरी आल्यावर तीच टेस्ट परत चालवा.

टाळाटाळ सुरू झाली तर फोनवर वाद घालत बसू नका, बिल, फोटो आणि जॉबशीट जोडून कंपनीला ईमेल टाका. तरी हलले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली तरी पुण्यात, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करा.