पुण्याला निघालेल्या इंदुरी मराठी पोरांनो, बोलण्याचं काय करायचं

पुण्यात तुम्ही तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" त्याने बावरून जाऊन सगळं बोलणंच बदलायला जाऊ नका, मी गेलो होतो, धड पुणेरी नाही धड इंदुरी असं भलतंच काहीतरी झालं. जिथे अर्थ बदलतो तेवढंच सुधारा, हेल आहे तसा राहू द्या.

सगळ्यात आधी ते "राहिलाय". आपण "आ रहा है"वरून बिनधास्त "येऊन राहिलाय" म्हणतो, नागपूरवालेही म्हणतात. मी घरमालक काकांना फोनवर म्हटलं, "काका, मित्र येऊन राहिलाय, गेट उघडं ठेवाल का?" काका म्हणे, "कधीपासून राहिलाय? भाडं एकाचं ठरलंय!" आणि मित्र बिचारा अजून स्टेशनवर रिक्षावाल्याशी घासाघीस करत होता. तेव्हा "येतोय", "करतोय" आत्तापासूनच तोंडात बसवा, घरच्यांना सांगा चुकलं की तिथल्या तिथे टोका.

मग च-ज-झ, खरी मेहनत इथे आहे. हिंदीत च एकच, मराठीत दोन, आणि लिहायला अक्षर तेच, त्यामुळे वाचून काही कळत नाही. "चार" म्हणा, मग गुरांचा "चारा" म्हणा. चाऱ्याला जीभ वरच्या दातांमागे टेकते, त्स केल्यासारखी. "जरा थांबा"मधला ज तसाच, नाहीतर तो संस्कृतातला म्हातारपणवाला जरा होतो. "माझा" दातांशी, "माझी" टाळूशी. आजीला गप्पांत रमवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग तीच वाक्यं स्वतः बोलून दोन्ही लागोपाठ ऐका. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, वाटू द्या.

ळची काळजी नको, माळवीतही ळ आहे, आपल्या कानांवर तो लहानपणापासून पडलेला असतो.

आता समोरच्याच्या कानाबद्दल. 2004 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, परक्या ॲक्सेंटचं इंग्रजी ऐकणाऱ्यांना सुरुवातीला वेळ लागत होता, पण मिनिटभरात कान बऱ्यापैकी सरावले. म्हणून फोनवर किंवा इंटरव्ह्यूत पहिलं मिनिट सावकाश बोला, महत्त्वाचं लगेच सांगून टाकू नका, आधी ट्रॅफिक, पाऊस, काहीही. दुसरा प्रयोग शिकागोचा, 2010 चा, तो जरा टोचतो: "जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्याशिवाय राहतो" असली वाक्यं परक्या ॲक्सेंटमध्ये ऐकली की लोकांना ती कमी खरी वाटायची, बोलणारा दुसऱ्याचंच लिहिलेलं वाचतोय हे माहीत असूनही. म्हणजे चूक आपली नसली तरी भोगायचं आपणच. मी तर मीटिंगमध्ये आकडे बोललो की लगेच मेलवरही टाकतो.

आणि "मूळचे कुठले?"ला सरळ "इंदूर" सांगा, पुढचा प्रश्न सराफ्यात रात्री काय खायचं हाच असतो, यादी पाठ ठेवा.