जुन्या घरात गाडीचा चार्जर: आधी अर्थिंग, मग बाकीचं

चार्जर भिंतीवर चढवायला दीड तास पुरतो. चार स्क्रू, एक केबल, झालं काम. जुन्या घरात त्याच्या आधीचे दोन दिवस भिंतीत काय दडलंय ते शोधण्यात जातात, आणि ‘चार्जर कसा बसवावा’ सांगणारे बहुतेक लोक नेमके तेच दोन दिवस गाळतात. मेन बोर्डाचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं, हे गृहीत धरतो. पण त्याच्या शेजारी उभं राहून काय बघायचं, ते तुम्हाला माहीत पाहिजे.

पहिला प्रश्न किती किलोवॉटचा घ्यायचा. दुकानात गेलात की ७.४ चा गळ्यात मारतात. मी उलट विचारतो, रोज गाडी किती फिरते? ३.३ किलोवॉटचा चार्जर रात्री आठ तास चालला की २६ युनिट गाडीत जातात. युनिटला सहा किलोमीटर धरले तरी दीडशे किलोमीटर झाले. रोज एवढं फिरणारे किती जण असतात? ७.४ किलोवॉट म्हणजे ३२ अँपिअर, आणि तेही तासन् तास. वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या घराला मान्य केलेली मर्यादा, बघा. तो ५ किलोवॉट असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज आजच टाका, चार्जर नंतर आणा. अर्ज नको असेल तर गुपचूप ३.३ वर या. घरात थ्री फेज असेल तर ११ किलोवॉटलाही प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच येतात, तिथे गोष्ट सोपी आहे.

‘गीझरचा सॉकेट आहे की, त्यालाच लावू’ असं कुणी म्हणालं तर त्याला जळका प्लग दाखवा. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी आठ तास. सॉकेटची पितळी पत्ती जरा जरी सैल असली तर तिथे उष्णता साठत जाते, आणि करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. माझ्याकडे असा एक प्लग ठेवलेला आहे. न्यूट्रलची पिन काळी पडलीय, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं होऊन आत बसलंय. ते घर जळलं नाही, कारण कुणाला तरी वास आला. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल मी बोलतच नाही.

तेव्हा मेन बोर्डापासून चार्जरपर्यंत स्वतंत्र लाइन, मध्ये एकही जोड नाही. ३.३ किलोवॉटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून आपोआप पडणारा खटका. ७.४ ला ६ चौरस मिलिमीटर चालते असं सर्रास सांगतात. भिंतीतल्या पाइपात, भर उन्हाळ्यात, ४० अँपिअरच्या एमसीबीखाली मी ती घालत नाही. १० ची घाला. जुन्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम निघालं तर त्याला तांबं पिळून जोडू नका. तो जोड दोन-तीन वर्षांत सैल होतो. एक तर तो तुकडाच बदला, नाहीतर बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला जोड-तुकडा, लावा. चिनी मातीचा किटकॅट फ्यूज अजून असेल तर तो काढायचा मुहूर्त आजच.

आता अर्थिंग, म्हणजे पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट. मी स्वतः इथे तोंडावर आपटलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला चार्जर मी आमच्याच जुन्या घरात बसवला. सॉकेटमध्ये तिसरी पिन होती, मागे हिरवी वायर होती. मल्टिमीटर लावला तर फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, फेज-अर्थ २२८. मी खूश. चार्जर चालू केला तर लाल दिवा, अर्थ फॉल्ट, म्हणजे त्याला अर्थिंग सापडत नव्हतं. बंद करून पुन्हा चालू, तरी लाल. चार्जरच खराब आहे म्हणून दुसरा मागवला. तोही लाल. मग वैतागून हिरव्या वायरीचा माग काढत निघालो. ती प्लास्टरमागून बाथरूमच्या मागच्या भिंतीवर आली होती आणि तिथे पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती, वर रंगाचे तीन थर. त्या पाइपाच्या दोन फूट खाली प्लंबरने कधीतरी प्लास्टिकचा पाइप जोडलेला. म्हणजे आमचं अर्थिंग दोन फुटांवर संपत होतं. किती वर्षं, देव जाणे.

मग मीटरने २२८ का दाखवले? मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्याचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तुमच्या अर्थिंगचा रोध एक लाख ओहम असला, म्हणजे ते असून नसल्यासारखं असलं, तरी तो २२८ च्या आसपासच दाखवणार. ओली भिंतसुद्धा तेवढं काम करते. म्हणून ‘मीटरने बघितलं, अर्थिंग ठीक आहे’ हे वाक्य ऐकलं की त्या माणसाचं पुढचं काही ऐकायचं नाही. अर्थिंग तपासायचं ते अर्थ टेस्टरने किंवा लूप टेस्टरने, ही यंत्रं अर्थिंगमधून खरोखर करंट सोडून रोध मोजतात. ते यंत्र ज्याच्याकडे नाही, त्याने हे काम घेऊ नये.

लाल दिवा घालवायचे दोन ‘उपाय’ तुम्हाला हमखास सुचवले जातील. एक, सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या वायरीने जोडायचे. दिवा लगेच हिरवा होतो, गाडी चार्ज होते, मिस्त्री पैसे घेऊन जातो. आता विचार करा. त्या क्षणापासून गाडीचा अख्खा पत्रा न्यूट्रलला जोडलेला आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांमधून फेज थेट गाडीच्या दारापर्यंत येतो. आणि जुन्या घरात बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले मी कितीदा पाहिलेत. तिथे तर तुटायचीही वाट बघावी लागत नाही. दुसरा उपाय, चार्जरची अर्थ-तपासणीच बंद करायची किंवा तिला चकवणारा अडॅप्टर लावायचा. चार्जर ओरडून सांगतोय ते ऐकायचं सोडून त्याचं तोंड दाबायचं, असा हा प्रकार. दोन्ही नको. पावसात ओल्या पायांनी गाडीचं दार उघडणारा माणूस तुमच्याच घरातला असतो.

खरा उपाय जमिनीत आहे. तांब्याचा मुलामा दिलेला ३ मीटरचा रॉड घ्या. रॉड जाड असल्याने फारसा फरक पडत नाही, खोल गेल्याने पडतो, कारण खालची माती उन्हाळ्यातही ओलसर राहते. जागा पायापासून दीड मीटर लांब आणि शक्यतो ओल टिकणारी निवडा. खड्ड्यात मीठ-कोळसा भरायची जुनी सवय आहे. मीठ सुरुवातीला रीडिंग छान देतं आणि पुढे रॉडच खातं. त्याऐवजी बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती, भरा. रॉडपासून बोर्डापर्यंतची वायर जाड ठेवा, चार्जरकडे जाणारी हिरवी वायर फेजच्याच जाडीची. घरातल्या बाकीच्या हिरव्या वायरीही त्याच अर्थ-पट्टीवर, म्हणजे बोर्डातल्या अर्थच्या जोडपट्टीवर, आणा, गाडीला वेगळं आणि घराला वेगळं असं करू नका.

मोजताना रॉड पट्टीपासून सोडवून मोजायचा, नाहीतर भलतंच रीडिंग येतं. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. नाही आलं तर दुसरा रॉड ठोका, पहिल्यापासून निदान ३ मीटर लांब. जवळ ठोकलात तर दोघं एकाच मातीवर भांडतात, फायदा थोडाच होतो. शक्य असेल तर मे महिन्यात मोजा. पावसाळ्यात कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं.

इतकं करूनही एक गैरसमज उरतो, की चांगलं अर्थिंग आणि एमसीबी म्हणजे झालं. हिशोब करून बघा. ५ ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्टला फार तर ४६ अँपिअर जातील. ४० अँपिअरचा एमसीबी ४६ ला तासभर ढिम्म राहू शकतो, आणि तेवढा वेळ पत्र्यात करंट. माणूस वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेला करंट पूर्ण परतला नाही, कुठेतरी गळला, की लगेच तोडणारा खटका. पण तोही कुठलाही नाही. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, गळती होऊ शकते आणि साध्या, एसी प्रकारच्या आरसीसीबीला ती आंधळं करते. तोंडावरचं चिन्ह बघा. नुसती एक नागमोडी लाट असेल तर परत द्या. तिच्याखाली अर्ध्या लाटांचे उंचवटे असतील तर तो ए प्रकार. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी तपासणी असेल तर ए पुरतो. नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा बी प्रकारच घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो, म्हणून चार्जर विकत घेतानाच माहितीपत्रकात ही ओळ शोधा.

चार्जर छातीच्या उंचीवर, पावसाची थेट झोड लागणार नाही अशा जागी. केबल खालून आत घ्या.

चालू करताना आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पडला पाहिजे. मग गाडी लावायच्या आधी चार्जरपाशी व्होल्टेज बघा, लावल्यावर पुन्हा बघा. दहा व्होल्टपेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा मीटरपर्यंत येणारी वायरच बारीक आहे. तशी गाडी रात्रभर लावू नका. अर्ध्या तासाने एमसीबीच्या वरच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावा. कोमट लागला तर ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर बंद करा आणि वायरमनला परत बोलवा.

महिन्याने त्याच वायरमनला पुन्हा एकदा यायला सांगा, पैसे आधीच ठरवून ठेवा. मेन बंद करून सगळे स्क्रू परत आवळायचे. तांबं दाबाखाली थोडं बसतं. एखादा तरी स्क्रू पाव आटा फिरतोच.