जुन्या जीपचं स्टीअरिंग ढिलं झालंय? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी या चुका टाळा

सीजे-३बी किंवा तिच्या घराण्यातली जुनी महिंद्रा जीप रस्त्यावर भटकायला लागली, की पहिला आळ स्टीअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरपेटीवर येतो. बॉक्सच्या बाजूचा ॲडजस्टिंग स्क्रू अर्धा फेरा आवळला जातो, स्टीअरिंग हाताला घट्ट लागतं आणि काम झालं असं वाटतं. प्ले, म्हणजे सांध्यांमधला सैलपणा, मात्र जिथे होता तिथेच राहतो.

या जीपमध्ये बॉक्सपासून चाकापर्यंत सांधेच सांधे आहेत: ड्रॅग लिंक (बॉक्सकडून येणारा दांडा), पुढच्या क्रॉसमेंबरवरची (चासीच्या आडव्या पट्टीवरची) बेल क्रँक, म्हणजे पिनवर फिरणारी तरफ, तिथून चाकांकडे जाणारे दोन दांडे म्हणजे टायरॉड, त्यांचे चार एंड. प्रत्येकात थोडाथोडा प्ले असला तरी स्टीअरिंगवर त्याची बेरीज होते. म्हणून गाडी चाकांवर उभी ठेवा, इंजिन बंद करा आणि एकाला स्टीअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवावीत. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो सांधा गेलेला. बेल क्रँकची पिन आणि बेअरिंग हमखास झिजलेली सापडतात, कारण तिथे ग्रीस मारायचं कोणाच्या लक्षातच राहत नाही.

मग चाक जॅकवर घ्या. वर आणि खाली धरून हलवा. हलत असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हबचं बेअरिंग ढिलं आहे; तरीही राहिला तर दोष किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या उभ्या पिनचा. हा फरक न करता हबचा नट आवळत बसलं, की चांगलं बेअरिंग जळतं.

किंगपिनचा प्ले शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून कमी करतात. इथली नेहमीची चूक म्हणजे वरच्या कॅपखालचीच शिम काढणं, कारण तिथे पाना सहज पोचतो. वर आणि खाली सारख्याच जाडीची शिम काढावी लागते, नाहीतर नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) सरकते आणि आतला ॲक्सल शाफ्ट मध्यावर राहत नाही. टायरॉड आणि नकलचं ऑईल सील सुटं करून तपासा: नकल हाताने फिरवताना एकसारखा, हलका विरोध जाणवला पाहिजे. ठराविक वेगाला पुढची चाकं थरथरतात तेव्हा बहुतेकदा मूळ इथेच असतं, नाहीतर बॅलन्सिंगमध्ये किंवा झिजलेल्या स्प्रिंग बुशमध्ये. स्टीअरिंग डॅम्पर लावून थरथर दबते, पण झीज चालूच राहते.

एवढं सगळं झाल्यावर बॉक्स. ड्रॅग लिंक सोडा, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. बाजूचा स्क्रू आधी सैल करा, मग वरच्या कव्हरखालच्या शिमने कॅमचा (स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेदार भागाचा) उभा प्ले काढा आणि शेवटी स्क्रू आवळा. बॉक्स मध्यावरच सर्वात घट्ट बसेल अशी त्याची रचना आहे. टोकांना थोडा सैलपणा असायचाच. स्टीअरिंग वळवलेलं असताना तो सैलपणा काढला, की सरळ चालताना बॉक्स अडकतो आणि वळणावरून स्टीअरिंग परत येत नाही. बॉक्समध्ये ग्रीस भरू नका. ते एकदा बाजूला सरकलं की परत कॅमवर येत नाही. गिअर ऑईलच घाला, आणि गळत असेल तर सील बदला.

जोडताना कॅसल नटचं (स्प्लिट पिनसाठी खाचा असलेल्या नटचं) भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. स्प्लिट पिन नवीच. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची बाजू मागच्यापेक्षा जितकी जवळ असते ते अंतर, १.२ ते २.४ मिमी ठेवा.

गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) लावणाऱ्यांसाठी: या जीपची पुढची शॅकल स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की ॲक्सल पुढे कलतो आणि मूळचा ३ अंशांचा कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो. मग गाडी भरकटते आणि दोष पुन्हा बॉक्सला. कॅस्टर परत आणायला पाचर-शिम घालायची, तर ॲक्सल स्प्रिंगच्या वर असलेल्या मूळ रचनेत तिची जाड बाजू पुढे येते. फार जाड पाचर घालू नका. पिनियनचं (ॲक्सलला प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो.

पॉवर स्टीअरिंग बसवायचंच असेल तर दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. बॉक्स जिथे बोल्ट होतो तिथे चासीला आतून जाड प्लेट हवी, कारण पॉवर बॉक्सचा जोर जुन्या पत्र्याला चिरा पाडतो. आणि पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा हात) किंवा ड्रॅग लिंक कापून, वेल्डिंग करून लांबी जुळवू नका. तो सांधा तुटला तर चाकं कुठे जातील हे तुमच्या हातात राहत नाही. पहिल्यांदा तेल भरताना पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवत तेल घालत राहा, बुडबुडे थांबले की मगच सुरू करा. स्टीअरिंग टोकाला दाबून धरून ठेवलं तर पंप तापतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.